टेंकडीवरचें विद्यापीठ आणि पायथ्याची वस्ती

ज्या विद्यापीठानें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस आपल्या वर्गांत मानानें बसवून घेतलें, जेथें त्यांच्या शेजारीं बसतांना कोणी अंग चोरलें नाहीं, ज्याच्या ग्रंथालयांत त्यांनीं दिवसाचे दिवस काढले, त्या विद्यापीठाविषयीं कडू शब्द लिहावयाचा म्हणजे आमची लेखणी अडखळते. सन १९१३ सालीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ति घेऊन हा बावीस वर्षांचा तरुण न्यूयॉर्क शहरीं उतरला व १९१६ पर्यंत कोलंबिया विद्यापीठांत शिकला. पुढें १९५२ च्या जून महिन्यांत त्याच विद्यापीठानें त्यांस सन्मानाची पदवी दिली. आमच्या लोकांच्या मनांत कोलंबियाबद्दल जो आदर आहे तो आमच्याहि मनांत आहे, आणि हा लेख लिहून झाल्यावरहि तो राहील. परंतु ज्यानें उपकार केला त्याचा दोष दिसतांच डोळे मिटून घ्यावे, हा धडा बाबासाहेबांनीं आम्हांस कधींच दिला नाहीं.

गोष्ट अशी आहे. विद्यापीठ जेथें उभें राहतें तेथें त्याच्या अगोदरपासून अथवा त्याच्या बरोबरीनें माणसें राहत असतात. कोणी सुतार, कोणी शिंपी, कोणी हमाल, कोणी धुणेंभांडीं करणारी बाई. विद्यापीठ वाढतें. त्याला वर्गखोल्या पाहिजेत, प्रयोगशाळा पाहिजेत, विद्यार्थ्यांना राहण्यास जागा पाहिजे. ती जागा कोणाची? शेजाऱ्याची. शेजारी गरीब असला म्हणजे जागा स्वस्त मिळते, आणि तो अडाणी असला म्हणजे ती लवकर मिळते. हा झगडा एका देशाचा नाहीं व आजचाहि नाहीं. पण तो कोलंबियाच्या दारीं जितका उघडा दिसला तितका क्वचितच कोठें दिसला असेल, म्हणून आज तोच आम्ही वाचकांपुढें मांडतों.

कोलंबियाची स्थापना १७५४ सालची. त्या वेळीं अमेरिका इंग्रज राजाच्या अंमलाखालीं होती. शहराच्या दक्षिण टोंकाकडून सरकत सरकत हें विद्यापीठ १८९७ सालीं शहराच्या उत्तर भागांतल्या एका उंच पठारावर आलें. त्या पठाराला मॉर्निंगसाइड हाइट्स म्हणतात. पठाराच्या पूर्वेस खडकाचा सरळ कडा आहे. त्या कड्याच्या उतारावर सुमारें ३० एकरांची एक सार्वजनिक बाग आहे. आणि बागेच्या खालीं सपाटीवर हार्लेम पसरलेलें आहे. बाबासाहेब वर शिकत होते त्याच काळांत खालीं हार्लेमांत काळ्या लोकांची वस्ती भरूं लागली होती. गुलामगिरी कायद्यानें गेली तरी दक्षिणेकडच्या शेतांवर छळ संपला नव्हता. म्हणून हजारों कुटुंबें उत्तरेकडे येत होतीं. ज्यांच्या बापजाद्यांनीं दुसऱ्यांच्या शेतांत कापूस वेंचला त्यांनीं ही वस्ती वसविली व तिला गाणें, साहित्य, राजकारण या सर्वांत नांव मिळवून दिलें. बाबासाहेबांना या लोकांच्या लढ्याचें महत्त्व ठाऊक होतें. १९४६ सालीं त्यांनीं त्या लोकांचे थोर पुढारी डॉ. डु बॉइस यांस पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांपुढें त्यांच्या समाजानें मांडावयाच्या अर्जाविषयीं चौकशी केली होती.

तेव्हां वर विद्या आणि खालीं कष्टकरी, मध्यें एक बाग, असा हा देखावा. कांहीं दशकें वरच्यांनीं खालीं पाहिलें नाहीं व खालच्यांना वर चढण्याचें कारण पडलें नाहीं. दुसरें महायुद्ध संपल्यावर मात्र वरच्यांस भीति वाटूं लागली कीं, खालची वस्ती कडा चढून वर येत आहे. पठारावरच्या जुन्या इमारतींतून काळे लोक व प्वेर्तो रिको बेटांतून आलेले लोक भाड्याच्या लहान लहान खोल्या घेऊन राहूं लागले होते. १९४७ सालीं विद्यापीठ व त्याच्या आसपासच्या मोठ्या संस्था यांनीं मिळून एक मंडळ काढलें. त्याचे अध्यक्ष सुप्रसिद्ध धनिक घराण्यांतले डेव्हिड रॉकफेलर. वस्ती 'सुधारणें' हें मंडळाचें काम. सुधारणा म्हणजे काय तें आमच्या वाचकांस सांगावयास नको. झोंपडी हालविणाऱ्यानें तिला कधीं मोडणें म्हटलें आहे काय? तो नेहमीं सुधारणाच करतो. १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत विद्यापीठानें आसपासच्या सुमारें दीडशें इमारती खरेदी केल्या आणि कित्येक हजार भाडेकरूंना घरें सोडावीं लागलीं. त्यांतले बहुतेक काळे व प्वेर्तो रिकोचे होते. खरेदी कायदेशीर होती; पैसे मोजून दिले होते. पण पैसे मिळाले घरमालकाला, आणि रस्त्यावर आला भाडेकरू. आमच्याकडे जमीनदाराला मोबदला मिळतो आणि कूळ हात चोळीत बसतें, त्याचाच हा शहरी भाऊ.

यानंतर विद्यापीठाची नजर बागेवर गेली. विद्यार्थ्यांसाठीं नवी तालीम बांधावयाची होती आणि वर पठारावर जागा नव्हती, असें सांगण्यांत आलें. १९६० सालीं राज्याच्या कायदेमंडळानें परवानगी दिली, १९६१ सालीं शहरानें करार केला: सार्वजनिक बागेंतली दोन एकरांहून थोडी अधिक जमीन, शंभर वर्षांच्या पट्ट्यानें, वर्षाला ३,००० डॉलर भाड्यानें. न्यूयॉर्कसारख्या शहरांत ही रक्कम म्हणजे हातावर ठेवलेली सुपारीच. ही बाग कोणाची? हार्लेममधल्या ज्या पोराला खेळावयास अंगण नाहीं त्याची. त्याला बदल्यांत काय मिळणार? तालमीचा खालचा भाग, सुमारें शेंकडा १२ इतका हिस्सा.

आणि आतां वाचकांनीं नीट लक्ष द्यावें. तालीम उतारावर बांधावयाची असल्यामुळें नकाशांत तिला दोन दारें काढलीं होतीं. विद्यार्थ्यांचें दार वर, पठाराच्या बाजूनें. हार्लेमच्या लोकांचें दार खालीं, पायथ्याला. एकाच इमारतींत वरचे वरून येणार, खालचे खालून, आणि आंत दोघांची गांठ पडणार नाहीं. नकाशा काढणारा म्हणाला असेल कीं, जमिनीचा उतारच तसा आहे, आम्हीं काय करावें? उतारानें दोन दारें पडतात हें खरें. पण कोणत्या दारानें कोणीं जावयाचें हें उतार ठरवीत नाहीं. ज्यांच्या आजोबांनीं पाणवठ्याची वरची बाजू कोणाची व खालची कोणाची हें सोसलें आहे, ज्यांच्या आजीला वाड्याच्या मागच्या दारानें धान्य पोंचवावें लागलें आहे, त्यांना हा नकाशा समजावून देण्यास इंजिनियर लागत नाहीं. अमेरिकेच्या दक्षिण भागांत काळ्यांना वेगळें दार, वेगळा बांक, वेगळी शाळा ठेवणाऱ्या कायद्यांना 'जिम क्रो' असें नांव पडलें होतें. आणि तालमीलाहि तिकडे 'जिम' म्हणतात. तेव्हां हार्लेमकरांनीं या तालमीचें बारसें काय केलें असेल तें वाचकांनीं ओळखलेंच असेल. शहराच्या उद्यान खात्याचे प्रमुख थॉमस होव्हिंग यांनींहि १९६६ पासून या बेताविरुद्ध तोंड उघडलें. विद्यापीठानें थोडी जागा वाढविली, खालच्या भागांत पोहण्याचा तलाव देऊं केला. दारें मात्र दोनच राहिलीं.

१९६८ च्या फेब्रुवारींत खोदकाम सुरू झालें. ४ एप्रिलला मार्टिन लूथर किंग यांचा खून झाला. २३ एप्रिलला विद्यार्थ्यांची सभा भरली, तेथून जमाव खोदकामाच्या जागीं गेला, कुंपण उखडलें, आणि परत येऊन हॅमिल्टन हॉल या इमारतींत ठाण मांडलें. विद्यार्थ्यांचा दुसराहि राग होता: व्हिएतनामच्या लढाईसाठीं शस्त्रास्त्रांचें संशोधन करणाऱ्या एका संस्थेशीं विद्यापीठानें जोडलेला संबंध. एकंदर पांच इमारती त्यांनीं ताब्यांत घेतल्या. हॅमिल्टन हॉलमधले काळे विद्यार्थी संख्येनें थोडे, पण शिस्तीनें सर्वांत वरचढ. त्यांनीं मोडतोड होऊं दिली नाहीं, आणि त्यांना हार्लेममधून अन्न पोंचविलें जात होतें. विद्यापीठ त्यांच्या बाबतींत जपून होतें. त्यांना हात लावला तर खालून सारें हार्लेम वर येईल ही धास्ती होती. ३० एप्रिलच्या पहांटे पोलीस आंत शिरले. सुमारें ७०० जणांना पकडलें, पुष्कळांची डोकीं फुटलीं. ऑगस्टांत विद्यापीठाचे अध्यक्ष ग्रेसन कर्क पायउतार झाले. तालीम बांधण्याचा बेत सोडून द्यावा लागला. पुढें विद्यापीठानें आपल्याच आवारांत जमिनीखालीं तालीम बांधली. म्हणजे जागा नव्हती असें नव्हे, शोधण्याची गरज नव्हती. बागेंतला तो खड्डा कुंपण घालून वर्षानुवर्षें तसाच पडून होता. १९९० च्या सुमारास त्याचें तळें झालें. कड्यावरून तेथें धबधबा सोडला आहे आणि हार्लेमचीं पोरें तेथें बदकें पाहतात.

या झगड्याचें मूळ किती जुनें आहे तें पाहावयाचें असेल तर इंग्लंडांतल्या ऑक्सफर्डकडे पाहावें. १३५५ च्या फेब्रुवारींत एका दारूच्या गुत्त्यांत विद्यार्थ्यांनीं वाइट दारू दिल्याबद्दल मालकाशीं भांडण काढलें, तें गांवभर पेटलें, आणि परंपरेनें सांगतात कीं ६३ विद्यार्थी व सुमारें तीस गांवकरी प्राणास मुकले. राजानें न्याय काय केला? पाव आणि दारू यांचे भाव, वजनें व मापें यांवरची सत्ता गांवाकडून काढून विद्यापीठाला दिली. म्हणजे भटारखानेवाल्याचा तराजू पंडितांच्या हातीं गेला. शिवाय गांवच्या मुख्यानें दरवर्षीं चर्चमध्यें जाऊन ६३ नाणीं दंड भरावा असें ठरलें, आणि हा दंड १८२५ पर्यंत चालला. पावणेपांचशें वर्षें! गांवानें मेलेल्यांची संख्या कोणीं मोजली, आणि तिचा दंड कोणीं भरला, याचा उल्लेख आमच्या वाचनांत नाहीं.

असो. पुनः न्यूयॉर्कास येऊं. १९६८ चा चटका बसल्यावर कोलंबियानें कांहीं वर्षें पाय आंखडता घेतला. २००३ सालीं त्यावेळचे अध्यक्ष ली बोलिंजर यांनीं नवा बेत जाहीर केला: पठाराच्या उत्तरेस पश्चिम हार्लेमांत मॅनहॅटनव्हिल म्हणून भाग आहे, तेथें १७ एकरांवर नवें आवार. या भागांत मोटारदुरुस्तीचीं गॅरेजें, गोदामें, लहान कारखाने व कांहीं राहतीं घरें होतीं. हातोडा, पाना आणि वेल्डिंगची ठिणगी यांवर पोट भरणाऱ्यांची ही पेठ. विद्यापीठानें एकेक करून बहुतेक जागा विकत घेतल्या. थोडे लोक राहिले ते म्हणाले, आम्हांला विकावयाचें नाहीं. त्यांत एक गोदामवाला होता, आणि दोन पेट्रोलपंप चालविणारें एक शीख दांपत्य होतें. आपला मुलूख सोडून सातासमुद्रांपलीकडे जाऊन, रात्रंदिवस पंपावर उभें राहून ज्यांनीं आपलें बस्तान बसविलें, त्यांना 'तुमच्यापेक्षां या जागेचा चांगला उपयोग आम्ही करूं' असें ऐकावें लागलें.

विकावयाचें नाहीं म्हणणाऱ्याची जमीन सक्तीनें घेण्याचा अधिकार खासगी विद्यापीठाला नसतो. तो सरकारला असतो. सरकारला तो वापरावयाचा तर सार्वजनिक कारण लागतें. त्या राज्यांतला एक मार्ग असा कीं, ती वस्ती 'बकाल' ठरवावी. ठरविणार कोण? सरकारी महामंडळानें पाहणीसाठीं एक सल्लागार कंपनी नेमली; ती कंपनी त्याच बेतावर विद्यापीठाचेंहि काम करीत होती. ओरड झाल्यावर दुसऱ्या कंपनीकडूनहि पाहणी करविली, निकाल तोच. आणि बकाल म्हणून ज्या इमारती दाखविल्या त्यांतल्या पुष्कळ कोणाच्या? विद्यापीठानें अगोदरच विकत घेऊन भाडेकरू काढलेल्या! स्वतःच्या गोठ्यांत उकिरडा करावयाचा आणि शेजाऱ्याचें आंगण घाण झालें म्हणून पाटलाकडे फिर्याद करावयाची, यांतलाच हा प्रकार. डिसेंबर २००९ मध्यें अपील कोर्टाच्या पांच न्यायाधीशांपैकीं तिघांनीं जागामालकांच्या बाजूनें निकाल दिला आणि हें बकालपणाचें सोंग उघडें पाडलें. गल्लींत आनंद झाला. पण तो सहा महिनेच टिकला. २४ जून २०१० रोजीं राज्याच्या सर्वोच्च कोर्टानें तो निकाल फिरविला: बकाल आहे कीं नाहीं हें सरकारी मंडळानें ठरविलें असेल तर कोर्टानें त्यांत फार हात घालूं नये, आणि शिक्षण हेंहि सार्वजनिक कार्यच आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें प्रकरण ऐकण्यास नकार दिला. संपलें.

त्याअगोदर ऑगस्ट २००७ मध्यें त्या वस्तीच्या सल्लागार मंडळानें या बेताविरुद्ध ३२ विरुद्ध २ असें मत दिलें होतें. मंडळानें नुसता विरोध केला नव्हता. विद्यापीठालाहि जागा मिळेल आणि कारागीर व भाडेकरूहि राहतील असा स्वतःचा आराखडा तयार केला होता. पण सल्लागार मंडळ तें सल्लागार. त्याचा सल्ला ऐकून घेतला, आणि डिसेंबरांत नगरसभेनें विद्यापीठाचा बेत मंजूर केला. 'लोकांचें म्हणणें ऐकून घेतलें' या वाक्यांत ऐकणें किती व घेणें किती असतें याचा अनुभव आमच्या खेड्यांतल्या प्रत्येक हरकतदाराला आहे.

एक गोष्ट मात्र १९६८ पेक्षां निराळी झाली. या खेपेस वस्तीला लेखी करार मिळाला. मे २००९ मध्यें विद्यापीठानें १५ कोटी डॉलरांची हमी दिली: ७ कोटी ६० लाख वस्तीच्या कामांसाठीं, २ कोटी स्वस्त घरांसाठीं, ३ कोटी एका सरकारी शाळेच्या उभारणीसाठीं, २ कोटींच्या सेवा, आणि ४० लाख भाडेकरूंना कोर्टांत वकील मिळावा म्हणून. शेवटचा आंकडा सर्वांत लहान, पण आम्हांस तोच सर्वांत मोलाचा वाटतो. गरिबाला दान पुष्कळ मिळतें. वकील क्वचितच मिळतो. तथापि खरें सांगावयाचें तर हे पैसे सांभाळण्यास वस्तीनें जें मंडळ नेमलें त्याच्या कारभाराविषयींहि पुढें तक्रारी झाल्या आणि त्याची पुन्हां रचना करावी लागली. वरच्याशीं भांडून आणलेला पैसा खालच्या पुढाऱ्याच्या हातीं गेल्यावर त्याचा हिशेब मागण्याची लाज धरूं नये. ही गोष्ट हार्लेमला जितकी लागू तितकीच आमच्या पतपेढ्यांना व शिक्षणसंस्थांना लागू आहे.

आतां करांकडे येऊं, कारण खरी मेख तेथें आहे. न्यूयॉर्क राज्याच्या घटनेप्रमाणें शिक्षणसंस्थेच्या जागेवर घरपट्टी नाहीं. हा नियम झाला तेव्हां विद्यापीठ म्हणजे एक दोन इमारती. २०२३ सालीं वृत्तपत्रांनीं शोध करून दाखविलें कीं, जागांची संख्या पाहिली तर कोलंबिया शहरांतला सर्वांत मोठा खासगी जमीनमालक झालेला आहे; ३२० हून अधिक जागा त्याच्या नांवावर होत्या, आणि त्या एका वर्षांत त्याला माफ झालेली पट्टी १८ कोटी डॉलरांच्या वर होती. वरचा करार पुन्हां वाचा. वस्तीला अनेक वर्षांत मिळून १५ कोटी. विद्यापीठाला एका वर्षांत १८ कोटींची माफी. ज्याची पट्टी माफ होते त्याच्याहि दारावरून कचऱ्याची गाडी जाते, त्याच्याहि आगीला बंब धांवतो. तो खर्च कोण देतें? गॅरेजवाला देतो, भाडेकरू भाड्यांतून देतो. डिसेंबर २०२३ मध्यें कांहीं आमदारांनीं ही माफी मोठ्या विद्यापीठांपुरती काढून तो पैसा शहराच्या सार्वजनिक महाविद्यालयांस द्यावा असा प्रस्ताव मांडला. येल विद्यापीठानें न्यू हेवन शहराला सहा वर्षांत साडेतेरा कोटी डॉलर स्वखुषीनें देण्याचें २०२१ सालीं कबूल केलें. म्हणजे असें करतां येतच नाहीं असें नव्हे.

हें वाचतांना आम्हांस महात्मा जोतीराव फुले आठवले नसते तरच नवल. १८८२ सालीं हंटर साहेबांच्या शिक्षणमंडळापुढें त्यांनीं जें निवेदन दिलें त्याचा रोंख हाच होता: सरकारचा महसूल बहुतेक रयतेच्या घामांतून निघतो, आणि तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, रयतेच्या पोराला मात्र गांवांत धड प्राथमिक शाळाहि नाहीं. देश वेगळा, शतक वेगळें. पण पैसा कोणत्या खिशांतून निघून कोणत्या खिशांत जातो हें विचारण्याची रीत तीच लागू पडते.

विद्यापीठाच्या बाजूचें बोलणें आम्ही दडवून ठेवीत नाहीं. त्याचें म्हणणें असें: शहराच्या मध्यें जागा नाहीं, आणि नवीन शास्त्रांना जागा लागते, मॅनहॅटनव्हिलमध्यें मेंदूच्या विकारांवर संशोधन करणारी इमारत उभी राहिली, तिचा लाभ साऱ्या मनुष्यजातीला, हजारोंना नोकऱ्या, जागेची किंमत दिली, सर्व कायद्यानें केलें. यांतलें बहुतेक खरें आहे. हार्लेमच्या म्हातारीलाहि विस्मृतीचा रोग होतो आणि त्यावर औषध निघालें तर तें तिलाहि पाहिजे. आम्ही विद्यापीठ नको म्हणणाऱ्यांपैकीं नव्हे. आमच्या पोरांना विद्यापीठ कोणीं मिळूं दिलें नाहीं यावरच तर आमचें सारें भांडण उभें आहे. परंतु मनुष्यजातीच्या लाभासाठीं दरवेळीं एकाच गल्लीनें घर सोडावें आणि दरवेळीं ती गल्ली गरिबांचीच असावी, हा काय योगायोग म्हणावयाचा? मेंदूचें संशोधन श्रीमंतांच्या पेठेंत करतां येत नाहीं असें कोणत्या शास्त्रानें सांगितलें?

कोलंबियापासून मैलभर उत्तरेस, हार्लेमच्याच दुसऱ्या टेंकडीवर, आणखी एक महाविद्यालय आहे. त्याचें नांव सिटी कॉलेज. १८४७ सालीं तें लोकांच्या मतानें व लोकांच्या पैशानें निघालें, गरिबांच्या मुलांना फीवांचून उच्च शिक्षण मिळावें म्हणून. शिंप्यांचीं, फेरीवाल्यांचीं, परदेशांतून आलेल्या मजुरांचीं मुलें तेथें शिकलीं. पोलिओची लस काढणारे जोनास साल्क हे तेथलेच. त्याच्या इमारतींचा काळा दगड शहराच्या भुयारी रेल्वेसाठीं खोदलेल्या खडकांतून आला. ज्या मजुरानें भुयार खोदलें त्याच्याच दगडाच्या वर्गांत त्याचा पोरगा बसला. यापेक्षां चांगली पायाभरणी आम्हांस ठाऊक नाहीं.

पण तेथेंहि हार्लेमच्या मधोमध असून हार्लेमचीं पोरें वर्गांत फार थोडीं. १९६९ च्या एप्रिलांत काळ्या व प्वेर्तो रिकन विद्यार्थ्यांनीं आवार बंद पाडलें, आणि १९७० पासून शहरांतल्या माध्यमिक शाळा पास झालेल्या कोणालाहि सार्वजनिक महाविद्यालयांत जागा मिळूं लागली. दारें उघडलीं, सहाच वर्षांनीं, १९७६ सालीं, शहराची तिजोरी खालीं झाली म्हणून फी सुरू झाली. सव्वाशें वर्षें फुकट असलेलें शिक्षण, काळीं पोरें आंत आल्यावर सहा वर्षांत विकत झालें. तिजोरीचें कारण खोटें नव्हतें. तरी पण ही वेळ कशी साधली गेली, हें हार्लेमकर अजून विचारतात, आणि आम्हीहि विचारतों.

आमच्याकडे शिक्षणाची जागा कोणाच्या जिवावर उभी राहते याचीं दोन्ही उदाहरणें आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली आणि बायाबापड्यांनीं दळणांतलें मूठ मूठ धान्य काढून वसतिगृहाच्या चुली पेटत्या ठेवल्या. ज्या घरची मूठ त्या पोत्यांत पडली त्या घराला संस्थेत जाऊन 'पोरांना काय वाढतां' असें विचारण्याचा हक्क होता. दुसरें उदाहरण राहुरीचें. तेथलें कृषि विद्यापीठ स्थापन झालें तें १९६८ सालीं, कोलंबियांतलें कुंपण उखडलें गेलें त्याच सालीं. शेतकऱ्यांच्या भल्यासाठीं निघालेलें हें विद्यापीठ. त्याच्या संशोधनाचा उपयोग आमच्या कित्येक वाचकांनीं आपल्या रानांत केला असेल. पण त्यासाठीं ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या मुलांनातवंडांस, जमिनीच्या बदल्यांत नोकरी द्या म्हणून वर्षानुवर्षें अर्ज व आंदोलनें करावीं लागलीं आहेत. त्यांच्यापाशीं हार्लेमसारखा, वकिलाच्या पैशासह सहीशिक्क्याचा करार असता तर? जमीन देतांना तोंडी आश्वासन घेतलें तर पिढी बदलतांच आश्वासन देणारा निवृत्त होतो, आणि ऐकणाऱ्याच्या वारसाला दाखविण्यास कागद नसतो.

हा मजकूर संपवितांना एक रस्ता आठवतो. न्यूयॉर्कची ११६ वी गल्ली कोलंबियाच्या आवारांतून आरपार जाते. बाबासाहेब शिकत होते तेव्हां तो शहराचा उघडा रस्ता होता. विद्यार्थी, दूधवाला, हार्लेमला उतरणारा मजूर, सर्व त्यावरून जात. १९५३ सालीं शहरानें तो तुकडा हजार डॉलरांस विद्यापीठाला दिला. पायीं जाणाऱ्यांसाठीं तो खुला राहील असें तेव्हां ठरलें होतें, आणि पुढें कित्येक वर्षें शेजारीपाजारी त्यावरून जात येत राहिले. एप्रिल २०२४ मध्यें विद्यार्थ्यांचीं आंदोलनें सुरू झाल्यावर विद्यापीठानें दोन्ही बाजूंचे दरवाजे लावून घेतले, आणि ओळखपत्रावांचून कोणाला आंत सोडीनासे झाले. पलीकडच्या बसथांब्यावर जावयाचें असेल तर त्या वस्तीच्या म्हाताऱ्याला सगळा वळसा घालून जावें लागलें. जो रस्ता १९१३ सालीं हिंदुस्थानांतल्या एका महाराच्या मुलाला कोणी जात विचारल्यावांचून मोकळा होता, त्या रस्त्यावर शेजारच्याच घरांतल्या माणसाला दारवान विचारूं लागला, तुम्ही कोण?